आधी पाय रोव, मग पाना धर

चि. बेटा,
अनेक आशीर्वाद.

परवा वावरातून येताना तुझी आई आमच्याकडे थांबली. म्हणाली, पोरगी आयटीआयतून नाव काढून घेतो म्हणते. काहून? तर अंतराळवीर यानाबाहेर तरंगत काम करतात ते मोबाईलवर पाहिलं, अन् आता फिटरच्या वर्गात लोखंडाची पट्टी घासणं फुकट वाटते. बेटा, ते काम तू नीट पाहिलंच नाहीस.

तिथं पाना फिरवला की बोल्टाऐवजी माणूसच उलटा फिरतो. जून 1966 मध्ये जेमिनी 9 या अमेरिकन यानातून अंतराळवीर यूजीन सर्नन बाहेर पडला. यानाच्या मागं जाऊन पाठीवरचं एक यंत्र चढवायचं होतं. धरायला पुरेसे दांडे नाहीत, पाय धड अडकत नाहीत, सूट फुगून ताठ. जागेवर टिकण्यातच दम गेला, हेल्मेटची काच आतून वाफेनं भरली, काम सोडून परतावं लागलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात बझ ऑल्ड्रिननं जेमिनी 12 वर बोल्ट फिरवले, प्लग जोडले, तारा कापल्या. फरक ताकदीचा नव्हता. त्यानं पाण्याखाली सराव केला होता, पाय अडकवायला जागा होती, कमरेला पट्टे होते.

आधी पाय रोव, मग पाना धर. विजेच्या खांबावर जन्मभर हेच सांगत आलो. डीओ, म्हणजे खांबावरचा फ्यूज, काढला, अर्थिंग टाकलं, बेल्ट खांबाला लागला, तेव्हाच पोरांचा हात तारेला लागू दिला. ऑफिसात मला ढिला म्हणायचे. बढती मागून आलेल्याला गेली, ते अजून सलते. पण माझ्यासोबत चढलेलं एकही पोरगं खाली पडलं नाही. उशीर झाला, होऊ दे! आजही तसाच वागेन.

अन् घासणं फुकट म्हणतेस? 30 ऑगस्ट 2012 ला सुनीता विल्यम्स अन् अकिहिको होशिदे अंतराळ स्थानकाची वीज वाटणारा मोठा डबा बसवायला बाहेर गेले. आठ तासांहून जास्त झाले, एक बोल्ट काही केल्या पुरा बसेना. भोकात धातूचा कीस अडकलेला. डबा तात्पुरता बांधून परतले. 5 सप्टेंबरला पुन्हा गेले, स्थानकातल्याच सामानातून बनवलेली हत्यारं घेऊन. त्यात एक दात घासायचा ब्रशही होता! आटे साफ केले, बोल्ट बसला. तेही अशा हातमोज्यांतून, की दर वेळी मूठ वळताना आतल्या हवेशी झुंजावं लागते. कितीकांची नखं उखडतात त्यात.

हे फिटरचंच काम आहे, बेटा. तुला आणखी कसं सांगू?

अंतराळात जायचं तर जा, मी अडवणारा कोण. पण रस्ता इथूनच आहे. दोन वर्षांचा फिटर पुरा केला की पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश मिळतो, पुढं इंजिनिअरिंग. गणित सोडू नको.

नाव काढायचा अर्ज दिला असशील तर उद्याच परत घे. पट्टीला ट्राय स्क्वेअर, म्हणजे काटकोन तपासायचा गुण्या, लावून उजेडात धर, फट दिसली तर पुन्हा घास. घासताना डावा पाय पुढं, वजन दोन्ही पायांवर. अन् पट्टी आवळून धरणारा व्हाईस तुझ्या कोपराहून उंच येत असेल तर पायाखाली फळी माग. सरांना लाजू नको.

तुझे
लाईनमन काका