मार्चिंग बँड आणि कलर गार्डमध्ये डॉट, सेट, पिट म्हणजे काय?

तुमची मुलगी अमेरिकेत हायस्कूलच्या कलर गार्डमध्ये गेली आणि घरात हे शब्द रोज कानावर पडायला लागले, म्हणून थोडक्यात सांगते. मार्चिंग बँड म्हणजे मैदानावर चालत, आकृत्या करत वाजवणारं वाद्यपथक, आणि कलर गार्ड म्हणजे त्याच्यासोबत झेंडे वगैरे घेऊन नाचणारा गट.

आधी ‘डॉट’ समजून घ्या, बाकीचं त्यावरच उभं आहे. अमेरिकन फुटबॉलच्या मैदानावर प्रत्येकाची नेमून दिलेली जागा म्हणजे डॉट. सगळे आपापल्या डॉटवर पोचले की जी आकृती होते तो ‘सेट’, आणि अशा सगळ्या सेट्सचा मिळून आराखडा म्हणजे ‘ड्रिल’. ‘एट टू फाइव्ह’ म्हणजे ५ यार्डांत ८ पावलं, एकेक पाऊल २२.५ इंचांचं. हे पायात मुरायला वेळ लागतो, तिला तो द्या.

पिटमधली मुलं मैदानापुढे एकाच जागी उभी राहून मरिंबा, व्हायब्राफोन (काठ्यांनी वाजवायची पट्ट्यांची वाद्यं) वगैरे वाजवतात. ड्रम मेजर ड्रम वाजवत नाही. उंच चौथऱ्यावरून हातांनी ताल देतो.

कलर गार्ड झेंडे, लाकडी रायफली आणि बोथट सेबर (तलवारी) घेऊन नाचतं. ही साधनं उंच फेकून झेलायची, त्याला ‘टॉस’ म्हणतात. गार्डला कृपा करून ‘नुसते झेंडेवाले’ समजू नका. वादकांइतकीच मेहनत असते. हिवाळ्यात जिममध्ये (बंदिस्त क्रीडागृहात) होतं ते ‘विंटर गार्ड’, तिथे बहुधा ध्वनिमुद्रित संगीत असतं.