वनस्पतीशास्त्र शिकलेलो नाही, दुर्मिळ वनस्पती ओळखता येत नाहीत. तरी जळगाव जिल्ह्यातल्या रानवनस्पतींच्या सर्वेक्षणात स्वयंसेवक म्हणून माझा उपयोग होईल का?

होईल. दुर्मिळ ओळखणाऱ्यांपेक्षा जास्त होईल.

माझं चोपडा तालुक्यात कृषी केंद्र आहे. तणनाशक विकतो, म्हणजे वनस्पतीशी माझं नातं तसं वैराचंच. तरी अशाच एका सर्वेक्षणात नाव दिलं होतं. वाट्याला आला अडावदच्या बाजूचा पट्टा: कापूस, केळी, मधे नाले. मी बांधाबांधानं फिरून जे दिसलं ते सगळं उतरवलं. बाभूळ, हिवर, बोर, पळस, कळलावी, धोतरा, तरोटा, कुर्डू, केना, गाजर गवत. एका म्हातारीनं विचारलंही, "काय करी राह्यना भो? गवतना फोटू?"

बैठकीत गटप्रमुखांनी माझी यादी घेतली. ते नुकतेच तोरणमाळहून ऑर्किडचे फोटो घेऊन आलेले. लाल पेनानं बाभळीपासून गाजर गवतापर्यंत सगळं खोडलं, एक कळलावी तेवढी ठेवली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "काका, हे तर तण आहे!" पोरं हसली.

तण काय असतं हे मला शिकवू नका. ग्लायफोसेट मारूनही केना उभा राहतो, ही तक्रार आधी माझ्या काउंटरवर येते.

आता मुद्दा. गाजर गवत 1955 च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा नजरेत आलं. आज आपल्याकडे रस्त्याच्या कडेला दुसरं काही दिसत नाही. पण तुमच्या गावात ते कोणत्या साली आलं, सांगा बरं? आमच्या गावात कुणालाच सांगता येत नाही. ते नवं होतं तेव्हा कुणी लिहिलं नाही, आणि माजलं तेव्हा "सामान्य" म्हणून खोडलं. हिंगणबेट या काटेरी झाडाचंही तेच, फक्त उलट्या दिशेनं. जेसीबीनं बांध कोरून कोरून वीतभर राहिले, त्यावरचं हिंगणबेट गेलं, आणि ते होतं याचा कागद कुठेच नाही.

ब्रिटनमध्ये हौशी लोकांनी अख्खा देश 10 किलोमीटरच्या चौकोनांत वाटून घेतला आणि 1962 साली कुठं काय उगवतं याचे नकाशे छापले. पुढे 2002 मध्ये पुन्हा. त्यात रस्त्याकडेचं साधं गवतही आहे, म्हणून तर काय वाढलं नि काय घटलं ते त्यांना ताडून पाहता येतं. आपल्याकडे श्रावणात सगळ्या गाड्या तोरणमाळ नाहीतर पाटणादेवीला. पारोळा, मुक्ताईनगरच्या काळ्या रानात चैत्रात कोण जातं? मग नकाशावर तिथं काहीच उगवत नाही असं दिसतं, आणि त्याच नकाशावरून उद्या कुणी म्हणणार की इथं राखण्यासारखं काही नाही.

कामाचं सांगतो. फोटोसकट नोंदी टाकायचं आयनॅचरलिस्ट ॲप पुरेसं आहे, महागडा कॅमेरा नको. फुलाचा एकच सुंदर फोटो काढू नका. पूर्ण झाड, पान दोन्ही बाजूंनी, पानं फांदीवर कशी बसलीत ते, फूल बाजूनं, फळ असेल तर फळ, असे काढा. नाव येत नसेल तर तसंच टाका, दुसरे सांगतील. एकच बांध धरा आणि पावसाळ्यात, हिवाळ्यात, उन्हाळ्यात तोच बघा. गवतं कुणी नोंदवत नाही, तुम्ही नोंदवा. पवन्या, मारवेल, कुसळी शिकायला गुराखी पुरतो, प्राध्यापक लागत नाही.

दुर्मिळ वनस्पती बिनकामाच्या आहेत असं मात्र मी म्हणत नाही. सातपुड्यात रानातली सफेद मुसळी दिसली तर जरूर नोंदवा, फक्त नेमकी जागा लपवा. ॲपमध्ये तशी सोय आहे. नाहीतर खणणारे तुमच्या आधी पोचतात. यावल अभयारण्यात परवानगीशिवाय शिरू नका, आणि लावलेलं झाड "लागवड" म्हणूनच टाका. गुलमोहर रानातला म्हणून टाकणारे भेटलेत मला.

गटात नाव देण्याआधी एवढंच विचारा: यादी कोण तपासतं आणि काय खोडतं? "कॉमन असेल ते" असं उत्तर आलं तर एकट्यानं करा. माझी खोडलेली यादी मी तारखेसकट जशीच्या तशी ॲपवर चढवली आहे, पळस धरून.