मुलगी पहिल्यांदाच परदेशातल्या ओरिएंटियरिंग (नकाशा आणि होकायंत्राच्या आधारे ठरलेल्या जागा शोधत पळण्याच्या) स्पर्धेला चालली आहे. तीन महिन्यांत कशाची तयारी करून घ्यावी?

तुम्ही लिहिलंय की मुलगी पंधरा वर्षांची आहे, शाळेच्या संघात निवड झाली आहे, आजवर बागेत आणि पायवाटांच्या विरळ झाडीतच खेळली आहे, आणि सर तिला रोज पाच किलोमीटर पळवताहेत. पळणं चालू राहू द्या. पण पहिल्यांदा बाहेर जाणारी मुलं मिनिटं घालवतात ती दोन-तीन मोठ्या चुकांत, आणि त्यातली एक बहुतेकदा पहिल्याच कंट्रोलवर, म्हणजे शोधायच्या झेंड्याच्या पहिल्या जागी, होते. तीन महिन्यांतला निम्मा वेळ तरी नकाशाला द्या.

सुरुवात आयोजकांच्या बुलेटिनपासून करा. नकाशाचं प्रमाण, समोच्च (सारख्या उंचीच्या) रेषांमधलं उंचीचं अंतर, जंगल कसं आहे, पंचिंगची, म्हणजे कंट्रोलवर पोहोचल्याची नोंद करण्याची, कुठली पद्धत आहे, हे सगळं त्यात असतं. बऱ्याचदा त्याच भागाचा जुना नकाशाही जोडलेला असतो. तो छापून घ्या आणि त्यावर रोज एक कोर्स, म्हणजे क्रमाने आखलेले कंट्रोल, 'घरबसल्या' पळायला लावा. प्रवेशबंद म्हणून जाहीर केलेल्या भागात मात्र स्पर्धेआधी पाऊल टाकायचं नाही, नुसतं फिरायलासुद्धा. संघ बाद होऊ शकतो.

प्रमाण बदललं की मुलांचा अंदाज पार कोलमडतो. बागेतल्या स्प्रिंट (छोट्या, वेगवान शर्यतीच्या) नकाशावर, म्हणजे १:४,००० वर, एक सेंटिमीटर म्हणजे ४० मीटर. जंगलातल्या १:१०,००० वर तोच सेंटिमीटर १०० मीटर होतो, आणि १:१५,००० वर १५०. सवय स्प्रिंटची असेल तर जंगलात मूल कंट्रोलच्या निम्म्या वाटेवरच थांबून शोधायला लागतं. उपाय साधा आहे: दुहेरी पावलं मोजणं. १०० मीटरला डावा पाय किती वेळा पडतो हे पायवाटेवर, झाडीत आणि चढावर वेगवेगळं मोजून तीन आकडे पाठ करून घ्या. झाडीत आकडा वाढतो, चढावर त्याहून जास्त.

आता भूभाग. जागतिक शालेय स्पर्धा २०१७ साली इटलीत पालेर्मोला झाली आणि २०१९ साली एस्टोनियात ओतेपॅला. एकीकडे भूमध्य सागराकाठचा डोंगराळ प्रदेश, दुसरीकडे हिमनद्यांनी घडवलेल्या बुटक्या टेकड्यांचं जंगल. एकीची तयारी दुसरीला पुरत नाही. स्कँडिनेव्हियाकडे जाणार असाल तर खडक, दलदल आणि पायवाटांचा दुष्काळ धरून चाला. अशा ठिकाणी टेकू उरतो तो तपकिरी समोच्च रेषांचा. जंगलाच्या नकाशावर सहसा दर ५ मीटर उंचीला एक रेषा असते आणि प्रत्येक पाचवी जाड. सरावासाठी नकाशावरच्या पायवाटा पांढऱ्या शाईने खोडून टाका आणि फक्त रेषांवरून जायला लावा. टेकडीची सोंड आणि घळ यांत मुलं नेहमी गोंधळतात, कारण दोन्हींच्या रेषा सारख्याच वळतात. उतार कुठल्या बाजूला आहे ते आधी ठरवायचं, मग आकार वाचायचा. रंगांचंही एकदा तपासून घ्या: या नकाशात पांढरं म्हणजे मोकळी जमीन नसून सहज पळता येईल असं जंगल. मोकळी जमीन पिवळी, आणि हिरवा जितका गडद तितकी झाडी दाट.

पहिला कंट्रोल मुद्दाम हळू करायचा, यावर मी अडून बसेन. घड्याळ सुरू होतं ती रेषा आणि सुरुवात दाखवणारा नकाशावरचा त्रिकोण या कित्येकदा वेगळ्या जागा असतात. रेषेपासून खुणा केलेल्या वाटेने त्रिकोणाच्या झेंड्यापर्यंत जायचं असतं आणि तिथून पुढे दिशाशोध सुरू. नवखं मूल रेषेलाच त्रिकोण समजतं, मग सगळा नकाशा शेकडो मीटर सरकतो. नकाशा हातात आला की क्रम असा ठेवा: नकाशा उत्तरेला जुळवणे, त्रिकोणावर अंगठा, दिशा, अंतर, आणि कंट्रोलच्या अलीकडची एक ठळक खूण. त्या खुणेला अटॅक पॉइंट म्हणतात. तिथवर पळायचं, तिथून पुढे चालीवर यायचं. कंट्रोलभोवतीचं वर्तुळ जमिनीवर सुमारे ७५ मीटर व्यासाचं भरतं. दाट झाडीत एवढ्या जागेत ३० सेंटिमीटरचा केशरी-पांढरा झेंडा दगडामागे सहज लपतो. कंट्रोल ओढ्याकाठी किंवा वाटेवर असेल तर नेम थेट त्याच्यावर धरू नये. मुद्दाम एका बाजूला धरायचा, म्हणजे ओढा लागला की कुठे वळायचं हे आधीच ठाऊक असतं.

वाट निवडताना ढोबळ हिशेब असा: १ मीटर चढ म्हणजे साधारण १० मीटर सपाट. सरळ वाट ४०० मीटर आणि तिच्यात सहा रेषांचा, म्हणजे ३० मीटरचा चढ असेल, तर ती ७०० मीटरची धरायची. ६०० मीटरचा सपाट वळसा मग स्वस्त पडतो.

कंट्रोल वर्णनाची, म्हणजे प्रत्येक कंट्रोल नेमका कुठे आहे ते सांगणाऱ्या तक्त्याची, चिन्हं जगभर एकच आहेत, त्यामुळे भाषेची अडचण येत नाही, पण ती पाठ हवीत. दुसऱ्या स्तंभातला सांकेतिक क्रमांक झेंड्यापाशी जुळवल्याशिवाय पंच करायचा नाही. कंट्रोलच्या अनुक्रमांकाशी घोळ होऊ नये म्हणून हे क्रमांक ३१ पासून पुढे असतात. सातवा स्तंभ झेंडा दगडाच्या उत्तरेला की पायथ्याशी ते सांगतो, आणि मुलं नेमका तोच वाचत नाहीत. पुढे पळणाऱ्या मुलीच्या मागे लागण्याचा मोह इथेच आवरतो, कारण जंगलात एकाच वेळी अनेक गटांचे कोर्स चालू असतात. तिचा कंट्रोल तुमचा असेलच असं नाही.

पंचिंगला स्पोर्टआयडेंटची इलेक्ट्रॉनिक चिप असेल तर सुरुवातीआधी क्लिअर (चिपवरची जुनी नोंद पुसणारी पेटी), मग चेक (ती पुसली का ते तपासणारी), दोन्ही ठिकाणी आवाज येईपर्यंत थांबायचं. कंट्रोलवरही आवाज किंवा दिवा आल्याशिवाय निघायचं नाही. पेटी बंद पडली असेल तर तिथल्या टाचण्यांच्या पंचने नकाशावरच्या राखीव चौकटीत खूण करायची, नाहीतर आपण आलो होतो याला पुरावा राहत नाही. क्रम चुकला तर घाबरायला नको. चौथ्यावरून थेट सहाव्यावर गेली आणि तिथे लक्षात आलं, तर मागे जाऊन पाचवा, मग पुन्हा सहावा, मग सातवा. जास्तीचे पंच मोजत नाहीत. फक्त योग्य क्रम त्यात सापडायला हवा. स्प्रिंटमध्ये याहून जास्त बळी जातात ते जाड काळी भिंत किंवा ऑलिव्ह हिरवा भाग ओलांडल्यामुळे. प्रत्यक्षात ते फुटभर उंच कुंपण असलं तरी ओलांडलं की बाद.

वाट चुकली तर? अर्धा मिनिट शोधून सापडलं नाही की फेऱ्या मारणं बंद. उभं राहायचं, नकाशा जुळवायचा, शेवटची खात्रीची जागा कुठली ते आठवायचं, आणि जवळच्या मोठ्या खुणेकडे, म्हणजे रस्ता, कुरणाची कड, तलाव यांपैकी कशाकडे तरी, जायचं. समांतर चूक हा नेहमीचा सापळा आहे: शेजारच्या तशाच घळीत आहोत आणि सगळं 'जवळजवळ जुळतंय' असं वाटत राहतं. जवळजवळ जुळतंय म्हणजे बहुधा जुळत नाहीये.

होकायंत्र अंगठ्यावर बसणारं घ्या. नकाशावरच्या उभ्या रेषा चुंबकीय उत्तरेच्या असतात, त्यामुळे देश बदलला तरी दिशेची दुरुस्ती करावी लागत नाही. सुईचा तोल मात्र पृथ्वीवरच्या विभागानुसार केलेला असतो. विषुववृत्त ओलांडून जाणार असाल तर घरचं होकायंत्र तिथे अडकू शकतं. तिथल्या विभागाचं किंवा सर्वत्र चालणारं घ्या. शिट्टी सोबत असू द्या: संकटाचा इशारा म्हणजे मिनिटाला सहा वेळा वाजवून मिनिटभर थांबायचं. नकाशा दाखवणारं घड्याळ किंवा फोन घेऊन पळता येत नाही.

युरोपच्या जंगलात जात असाल तर टिक, म्हणजे गोचिडीच्या जातीचा किडा, हलक्यात घेऊ नका. त्याच्यामुळे लाइम रोग होतो आणि काही भागांत मेंदूज्वरही. मेंदूज्वरावर लस आहे, पण नेहमीच्या वेळापत्रकात पहिल्या दोन डोसांत एक ते तीन महिन्यांचं अंतर लागतं, म्हणून डॉक्टरांना याच आठवड्यात विचारा. पूर्ण पायाची पँट हवी. शर्यतीनंतर काखा, गुडघ्यांमागे आणि केसांत तपासायचं. चिकटलेला किडा बारीक चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढायचा, तेल वगैरे लावत बसायचं नाही.

मुख्य शर्यतीआधी बहुधा सरावाचा नकाशा आणि जागा देतात. तिथे वेळ लावून पळू नका. दोन-तीन झेंडे गाठा आणि नकाशा करणाऱ्याने किती मोठा दगड दाखवलाय, 'हलका हिरवा' प्रत्यक्षात किती दाट आहे, हे डोळ्यांत भरून घ्या. शर्यतीच्या दिवशी सुरुवातीच्या जागी अर्धा तास आधी पोहोचायचं. स्वतःच्या चुकीने उशीर झाला तर घड्याळ ठरलेल्या वेळेपासूनच चालतं. अर्धवट सोडली तरी फिनिशला येऊन चिप वाचून घ्यायचीच, नाहीतर आयोजक तिला जंगलात शोधत फिरतील. आणि संध्याकाळी, संघातल्या मुलींशी गप्पा सुरू व्हायच्या आधी, तिला नकाशावर पेनाने आपली खरी वाट काढू द्या आणि प्रत्येक कंट्रोलवर किती सेकंद गेले ते शेजारी लिहू द्या. दुसऱ्या दिवशीची शर्यत बहुधा तसल्याच जंगलात असते.