‘कॅश केलेला हॅश’ : गुप्त, साठवलेला की टिपून ठेवलेला?

रत्नागिरीच्या एका अभियांत्रिकी विद्यार्थ्याने विचारले आहे की, फंक्शनल प्रोग्रॅमिंगवरील (म्हणजे आधीची माहिती न बदलता नवी तयार करत जाणाऱ्या प्रोग्रॅम-पद्धतीवरील) मराठी टिपणात ‘कॅश केलेला हॅश’ यासाठी त्याने ‘गुप्त हॅश’ असे लिहिले, कारण ‘कॅश’चे मूळ ‘लपवणे’ या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदात आहे. तर हा प्रतिशब्द चालेल का? (हॅश म्हणजे माहितीवरून ठरावीक रीतीने काढलेला आकडा, आणि तो कॅश करणे म्हणजे पुन्हा काढावा लागू नये म्हणून हाताशी ठेवणे.)

माझ्या मते चालणार नाही. मूळ त्याने अचूक शोधले आहे, परंतु येथे कोणापासून काहीच लपवायचे नसते. ‘साठवलेला हॅश’ही मी टाळीन, कारण ते वाचताच पासवर्डचे जपून ठेवलेले हॅश डोळ्यांपुढे येतात. मी ‘टिपून ठेवलेला हॅश’ असे लिहीन, आणि त्याचे कारण आपल्याकडच्या आंब्याच्या पेटीत आहे.

पेंढ्यावर हापूस बसवून झाकणाला खिळे ठोकले की पेटीवर ‘५ डझन’ असे लिहितात. मग ती वाशीला पोचेपर्यंत आंबे पुन्हा कोणी मोजत बसत नाही. दोन पेट्यांवरचे आकडे वेगळे असतील तर आतला माल नक्कीच वेगळा. आकडे सारखे असतील तर मात्र झाकण उघडूनच पाहावे लागते. हॅशचेही तंतोतंत असेच आहे. आकड्यावर विश्वास ठेवता येतो तो खिळे ठोकल्यानंतर आत कोणी हात घालत नाही म्हणून, आणि या गुणासाठी मराठी व्याकरणाने ‘अविकारी’ हा नेमका शब्द आधीच देऊन ठेवला आहे.

जावा या प्रोग्रॅमिंग भाषेतील स्ट्रिंग, म्हणजे अक्षरांची माळ, अशीच अविकारी असते. तिचा हॅश पहिल्यांदा मागितला की सगळी अक्षरे एकेक करून हिशेबात घ्यावी लागतात. आलेले उत्तर तिच्यातच ३२ बिटांच्या खान्यात टिपले जाते आणि पुढे ते नुसते वाचायचे असते. पूर्वी त्या खान्यातील शून्याचा अर्थ ‘अजून टिपलेला नाही’ असा घेतला जाई, त्यामुळे ज्या स्ट्रिंगचा हॅश खरोखरच शून्य येई, तिचा हॅश दरवेळी नव्याने काढावा लागे. २०१९ मधील जावा १३ मध्ये त्यासाठी वेगळी खूण आली. क्लोजर (Clojure) या भाषेतील व्हेक्टर (क्रमवार यादी) आणि मॅप (नाव-किंमत जोड्यांचा संच) या रचनाही आपला हॅश टिपून ठेवतात. त्यांच्यात भर घातली की नवी रचना तयार होते, जुनीचा बराच भाग ती वाटून घेते, पण नवीचा हॅशचा खाना कोरा असतो. जुनीवर टिपलेला आकडा खराच राहतो. अर्थात एकदाच वापरून टाकायच्या लहान रचनांना या खान्याची जागा भारीच पडते.

‘हॅश’ मात्र तसाच ठेवावा. त्याचे मूळ ‘चिरणे’ या अर्थाचे असले, तरी कोकणात ‘चिरा’ म्हटले की जांभ्या दगडाचाच डोळ्यांपुढे येतो. टिपणातील वाक्य मी असे लिहीन : ‘अविकारी रचनेचा हॅश एकदा काढून तिच्यातच टिपून ठेवला जातो.’