ड्रिल बिटला धार लावली तरी ते कापत का नाही?

प्रश्न: नमस्कार काका, मी सांगलीचा. गच्चीवरच्या शेडमध्ये छोटंसं वर्कशॉप केलंय, सहा इंची बेंच ग्राइंडर घेतलाय, हँड ड्रिल आहे. डब्यात बोथट बिटं पंचवीस-तीस तरी साठलीत, म्हटलं विकत घेण्यापेक्षा आपणच धार लावू. व्हिडिओ बघून लावली पण. दिसायला एकदम चकाचक टोक येतं, पण लोखंडी अँगलवर लावलं की नुसतं किंचाळतं, धूर निघतो, भोक काही पडत नाही. आणि एक 8 मिलिमीटरचं बिट कापतंय तर त्याचं भोक साडेआठचं होतंय. माझं नक्की काय चुकतंय? की हे काम घरी होतच नाही?

उत्तर: होतं हो, नक्की होतं. मी टूलरूममध्ये होतो तेव्हा पहिले पंधरा दिवस माझंही बिट असंच किंचाळायचं, त्यामुळे तुमचा आवाज मला इथपर्यंत ऐकू आला म्हणा ना.

तुम्ही दोन वेगवेगळ्या चुका लिहिल्यात, आधी पहिली घेऊ कारण दहातल्या नऊ जणांची तीच असते. बिट हातात धरून टोकाकडे बाजूने बघा. कापणारी कड असते, तिला लिप म्हणतात, आणि त्या कडेच्या मागे जो उतार जातो त्याचं शेवटचं टोक म्हणजे हील, म्हणजे टाच. कड वर पाहिजे आणि टाच तिच्यापेक्षा खाली पाहिजे. हा जो मागचा उतार आहे ना तो साधारण 10-12 अंशांचा लागतो. तुम्ही बिट चाकाला नुसतं सरळ टेकवून धरलंत तर कड आणि टाच एकाच पातळीत येतात, टोक चकाकतं, पण भोकात गेल्यावर टाच आधी लोखंडावर घासते आणि कड पोचतच नाही. म्हणून किंचाळणं, म्हणून धूर. धार लावणं म्हणजे कड घासणं असं सगळ्यांना वाटतं, पण खरं काम टाच खाली घालवण्याचं आहे, हे एकदा डोक्यात बसलं की अर्धं काम झालं.

उतार बरोबर आलाय का हे समोरून पण कळतं. बिटाचं टोक डोळ्यासमोर धरा, मधोमध दोन कडांना जोडणारी एक छोटी आडवी रेघ दिसेल. ती दोन्ही कडांना तिरकी असली पाहिजे, 120 ते 135 अंशांच्या आसपास. ती जवळजवळ काटकोनात दिसली तर समजा उतार नाहीये, परत चाकावर जा. फार उतार दिला तरी वाईट, कड पातळ होते आणि झटक्यात तुटते.

आता हाताची सवय. ग्राइंडर बंद ठेवा आणि एक नवं, न वापरलेलं 10 किंवा 12 चं बिट घ्या, छोट्यावर शिकू नका. डाव्या हाताचं पहिलं बोट टूल रेस्टवर, म्हणजे चाकासमोरच्या टेकूच्या पट्टीवर, त्यावर बिट टोकाच्या जवळ, उजव्या हातात शँक, म्हणजे बिटाची मागची गुळगुळीत दांडी. कड वरच्या बाजूला, आडवी, चाकाच्या तोंडाला समांतर. बंद चाकाला ती कड टेकवा आणि मग उजवा हात हळूहळू खाली न्या, बास. बिटाचं टोक वर उचललं जातं आणि चाक कडेपासून टाचेपर्यंत सरकत जातं. कंपनीने दिलेली धार आहे, ती चाकाला जशी लागून जाते तेच तुमच्या हाताने शिकायचंय. दहा-वीस वेळा असं करा, डोळे मिटून करता आलं पाहिजे. व्हिडिओत ते बिट फिरवतात पण, थोडंसं उजवीकडे वळवत खाली आणतात, ते बरोबर आहे पण नवशिक्याचा हात जास्त फिरतो आणि दुसऱ्या बाजूची कड चाकाला लागून सगळं वाया जातं, म्हणून सुरुवातीला फिरवू नका, नुसतं खाली.

कोनाचं म्हणाल तर नेहमीच्या कामाला टोकाचा कोन 118 अंश, म्हणजे एका बाजूला 59. टूल रेस्टवर कोनमापकाने 59 ची रेघ मार्करने मारून ठेवा, बिट त्या रेघेत धरायचं. आणि तपासायला गेज नसेल तर दोन सारखे षट्कोनी नट घ्या, एकाची सपाट बाजू दुसऱ्याला चिकटवा, मध्ये जी खाच तयार होते ती बरोबर 120 ची असते, त्यात टोक बसवून उजेडाकडे धरा. दोन अंशांनी काही बिघडत नाही.

तुमची दुसरी चूक, साडेआठचं भोक. तिथे उतार बरा आलाय म्हणून ते कापतंय, पण दोन कडा सारख्या लांबीच्या नाहीत. एक लांब झाली की टोक मधोमध राहत नाही, बिट त्या टोकाभोवती फिरतं आणि भोक मोठं होतं. एका बाजूला चार घासे मारले तर दुसऱ्या बाजूला पण चारच, तेवढ्याच दाबाने, आणि मध्ये मध्ये पट्टी लावून मोजायचं. शेवटची परीक्षा लोखंडावरच, दोन्ही फ्लूटमधून, म्हणजे बिटावरच्या पिळाच्या खाचांतून, सारखा वेटोळ्यांचा कीस निघाला तर झालं. एकाच बाजूने निघतोय म्हणजे एकच कड काम करतीये.

एक अजून, स्पीड. खूप बिटं धार खराब असल्यामुळे नाही तर ट्रिगर पूर्ण दाबल्यामुळे जळतात. 8 च्या बिटाला साध्या लोखंडात मिनिटाला हजार फेरे खूप झाले, स्टेनलेसमध्ये साधारण 500, आणि हँड ड्रिल पूर्ण दाबलं तर तीन हजाराच्या घरात जातं. स्टेनलेसमध्ये दाब सोडून बिट नुसतं फिरवत राहिलात तर ती जागा कडक होते, मग नवं बिट सुद्धा घसरतं. हळू फिरवा, दाबून धरा, तेल घाला.

आणि हे कृपा करून मनावर घ्या: गॉगल घालायचा, हातमोजे अजिबात नाही, टूल रेस्ट आणि चाकात 3 मिलिमीटरपेक्षा जास्त फट नाही. फट मोठी असली की बिट आत ओढलं जातं आणि बोटं सोबत. चाकाच्या बाजूच्या सपाट अंगावर घासायचं नाही, आणि ॲल्युमिनियम त्या चाकावर लावायचं नाही, चाक भरून जातं. 3 च्या आतली बिटं सरळ नवी आणा, हाताने त्यांच्या दोन कडा सारख्या होणं फार अवघड आहे.

प्रश्न: मी नागपूरला लाकडी खेळणी करते. धार लावताना बिट निळं पडलं, शेजारचे म्हणाले आता ते मऊ झालं, फेकून द्या. खरंच का?

उत्तर: ताई, फेकू नका, आधी ते कशाचं आहे बघा. शँकवर एचएसएस लिहिलेलं असेल तर निळं पडल्याने काही होत नाही. एचएसएस म्हणजे हायस्पीड स्टील, त्याला कडक केल्यावर टेम्परच, म्हणजे ठिसूळपणा घालवायला परत तापवणं, साडेपाचशे अंशांच्या आसपास करतात आणि निळा रंग येतो तीनशेच्या आसपास, म्हणजे अजून बरीच जागा आहे. साध्या कार्बन स्टीलचं असेल तर शेजारचे बरोबर बोलले, तेवढा निळा भाग मऊ झाला. लिहिलेलं पुसलं असेल तर ठिणग्या बघा, एचएसएसच्या ठिणग्या कमी आणि लालसर मंद असतात, कार्बन स्टीलच्या पिवळ्या-पांढऱ्या, फुलबाजीसारख्या फुटणाऱ्या. कार्बनवालं असेल तर तो निळा भाग घासून मागच्या कडक भागावर नवं टोक काढा, हळूहळू, दर दोन-तीन सेकंदांनी पाण्यात बुडवत, रंग यायच्या आत. एचएसएसला मात्र उलटं, लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाकलंत तर कडेला बारीक भेगा जातात, दिसत नाहीत पण पहिल्याच भोकात कपचा उडतो. ते तापलं तर हवेतच गार होऊ द्या.

प्रश्न: भिंतीत भोक पाडायचं बिट याच ग्राइंडरवर चालेल का? पुण्यात नवीन फ्लॅट, काँक्रीटमध्ये दोन बिटं बोथट झाली.

उत्तर: ग्राइंडरला जे राखाडी चाक येतं त्यावर नाही. त्या बिटाच्या टोकाला टंगस्टन कार्बाइड या फार कडक पदार्थाची पट्टी ब्रेझिंगने, म्हणजे दुसरा धातू वितळवून डाग देऊन, जोडलेली असते, राखाडी चाकावर ती घासली जात नाही, नुसती तापते, आणि फार तापली तर जोड सुटून पट्टीच निघून येते. हिरवं सिलिकॉन कार्बाइडचं चाक लागतं, नाहीतर डायमंड फाइल. घरी दोन-चारच बिटं असतील तर फाइल घ्या, बिट व्हाइसमध्ये पकडून जुना उतार आहे तसाच धरून दोन्ही बाजू सारख्या घासा. चाकावर केलंत तर पाण्यात बुडवू नका, कार्बाइडला तडा जातो, आणि तोंडाला चांगला मास्क लावा, ती धूळ फुप्फुसात जाणं बरं नाही. पट्टीचा कोपरा तुटून गेला असेल तर मात्र वेळ घालवू नका, नवं आणा.