हिवाळ्यात पिण्यासारख्या आपल्या भागातल्या क्राफ्ट बिअर कोणत्या? आणि किती गार कराव्यात?

निपाणीत बदली झालीय, गोवा, पुणे, बंगळूर तिन्हीकडे येणंजाणं असतं, थंडीत कुठली क्राफ्ट बिअर प्यावी आणि किती गार करावी, असं तुम्ही विचारलंय. कुठलीचं उत्तर देणारे पुष्कळ भेटतील. मी लिहायला बसलो ते 'किती गार' वाचून. याच एका गोष्टीवरून आमच्या घरात सहा वर्षं वाद चालू आहे आणि समोरची पार्टी पुण्याची आहे.

आमचे दाजी. माणूस लाखमोलाचा, पण बिअर म्हणजे दाताला कळ लागली पाहिजे, या मताचा. डिसेंबरात ताईला घेऊन आमच्याकडे बेळगावात टिळकवाडीला आले होते. त्याच दिवशी माझा मित्र बंगळूरहून गाडीने येताना स्टाउटच्या सहा बाटल्या घेऊन आला. सिंबा कंपनीची, म्हणजे छत्तीसगडातल्या दुर्गची. आपल्या भागातली नव्हे, पण काळी बिअर बाटलीत मिळाली हेच खूप होतं. बाटल्या 'तरुण भारत'च्या पानांत गुंडाळून मी माडीवर नेल्या. आईला सगळं माहीत असतं, पण डोळ्यांसमोर आणायचं नाही एवढा आमच्यात अलिखित करार आहे.

संध्याकाळी मी मटण आणायला कॅम्पात गेलो. परत आलो तर दाजी खुशीत. "अरे, चार लावून टाकल्या फ्रीजरला. जेवणापर्यंत बर्फ होतील." बर्फ होतील, हे त्यांचेच शब्द. मी म्हटलं, दाजी, ही काळी आहे, हिला एवढी गार करत नाहीत, काढा बाहेर. तर म्हणाले, "तुला काय कळतंय? काळी म्हणजे कडक, कडक म्हणजे जास्त गार लागते." जावयाला किती बोलणार? गप्प बसलो. उरलेल्या दोन बाटल्या मात्र गुपचूप गॅलरीच्या कठड्यावर ठेवल्या, कागदासकट.

मटण शिजायला नऊ वाजले. तेवढ्यात खालून फाट् असा आवाज, पाठोपाठ दुसरा. आईचा फ्रिज जुना, एकदारी, किल्लीवाला. फ्रीजर उघडला तर दोन बाटल्या फुटून काळं पाणी सगळीकडे गोठलेलं. संक्रांतीपर्यंत पुरवायचे म्हणून सोललेले मटार, खवलेल्या ओल्या नारळाचा डबा, सगळ्यावर काचा आणि कॉफीच्या रंगाचा बर्फ. आई दारात उभी. "ह्ये काय करून ठेवलास रे?" मलाच. दाजी तोवर जिन्यात फोनवर बोलायला लागले होते. फोन आलेला नव्हता, हे मी आज लिहून ठेवतो.

फ्रीजरमधल्या न फुटलेल्या दोन बाटल्यांत निम्मा चिखल झालेला. दाजींनी तसाच ग्लासात ओतला, घोट घेतला आणि निकाल दिला: "जळक्या पाण्यासारखी लागते. यापेक्षा आपली स्ट्राँग बरी." त्यांना तसंच लागणार. एवढ्या गारठ्यात जीभ बधिर होते, वास वर येत नाही, आणि स्टाउटमध्ये जे काही आहे ते वासात आणि भाजलेल्या जवाच्या चवीत आहे. कॉफी, कोको, किंचित करपलेली भाकरी. तेच मारून टाकल्यावर मागे राहतो नुसता कडवटपणा. 5 टक्क्यांच्या आसपासची बिअर उणे दोन-तीन अंशाला गोठायला लागते आणि पाण्याचा बर्फ होताना तो जागा जास्त घेतो, हे दाजींनीही शाळेत शिकलेलं असणार. इंजिनिअर आहेत.

माझ्या कठड्यावरच्या दोन बाटल्या मात्र बरोब्बर झाल्या होत्या. स्टाउट 10 ते 13 अंशावर प्यावी म्हणतात आणि बेळगावात डिसेंबरच्या रात्री पारा 13-14 ला येतो. फ्रिजची गरजच काय? ग्लासात ओतल्यावर फेस बदामी आला, दोन मिनिटं मोडला नाही. जेवण झालं होतं, ताटलीत कुंदा होता. मी एक घोट घेतला आणि वर कुंद्याचा खडा तोंडात टाकला. दूध आटवून आटवून कुंद्याला जो खमंगपणा येतो, तोच त्या भाजलेल्या जवात असतो, आणि बिअरचा कडूपणा गोडाला कापतो. दाजींपुढे ग्लास केला. "नको, मला ॲसिडिटी होते." दहा मिनिटांपूर्वी होत नव्हती.

तेव्हा तुमच्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाचं उत्तर: काळी बिअर जेवणाआधी अर्धा तास फ्रिजबाहेर काढा, किंवा सरळ खिडकीत ठेवा. लागर, म्हणजे आपली नेहमीची पिवळी, चालेल गार, ती बनलीच त्यासाठी. फ्रीजर कशालाच नको.

आणि काळी म्हणजे कडक हेही खोटं. रंग भाजलेल्या धान्यातून येतो, दारूच्या टक्क्यातून नाही. आयर्लंडची ती प्रसिद्ध काळी गिनिस पिंपातून येते ती 4.2 टक्क्यांची, आपल्या गावात दुकानात मिळणारी पिवळीधमक स्ट्राँग 8 पर्यंत जाते. परदेशी याद्यांमध्ये हिवाळ्यासाठी 10-12 टक्क्यांच्या इंपीरियल स्टाउट सुचवलेल्या दिसतील, त्यांच्या नादी लागू नका. आपल्याकडे बिअरला 8 टक्क्यांची मर्यादा आहे.

आता कुठली. गोव्यात सांगोल्ड्याला गोवा ब्रुइंग कंपनी आहे, त्यांची 'एट फिंगर एडी' घेऊन बघा. हणजुण्याच्या हिप्पी काळातल्या एका अवलियाच्या टोपणनावावरून नाव आहे. पण ती आयपीए (इंडिया पेल एल), म्हणजे हॉप्सच्या फुलांचा कडूपणा, आणि मला विचाराल तर आयपीए ही घामाची बिअर आहे, मार्च ते मे. थंडीत ती म्हणजे कारल्याचं सार. बंगळूरला इंदिरानगरच्या टॉइट या पबमध्ये जा. त्यांची 'बासमती ब्लाँड' लोकांना आवडते, मला हिवाळ्यात फिकी वाटते, टॅपवर गडद काय आहे ते विचारून घ्या. पुण्यात 2009 साली डूलालीने मायक्रोब्रुअरी, म्हणजे जागेवरच बिअर बनवणारं ठिकाण, काढलं, देशातल्या अगदी सुरुवातीच्यांपैकी एक, तेव्हापासून तिथे पर्याय वाढतच गेलेत. पुण्यात गेलात तर गव्हाची हेफेवायझन जरूर घ्या. तिला लवंगेचा आणि पिकल्या केळ्याचा वास असतो. त्यात लवंग घातलेली नसते, केळंही नसतं, दोन्ही यीस्टची करामत. सर्दीच्या दिवसांत लवंग बरी वाटते. मुनशाइनची कॉफी मीडही पुण्याचीच, मधाची असते, बिअर नव्हे, पण शेकोटीजवळ चालते. टॅपची नावं सतत बदलतात, म्हणून नावं पाठ करण्यापेक्षा 'स्टाउट, पोर्टर, डुंकेल' हे गडद बिअरचे तीन शब्द लक्षात ठेवा.

एक राहिलंच. गोव्यातली गोव्यातच प्या. चोर्ला घाटातून बेळगावकडे येताना कणकुंबीच्या नाक्यावर गाड्या तपासतात, आणि दोन बाटल्यांसाठी तिथे रस्त्याकडेला उभं राहण्यात मजा नाही. पिऊन चोर्ला घाटात गाडी चालवायचा तर विचारही करू नका, धुकं असतं. आणि 'थंडीत ऊब यावी म्हणून' असं तुम्ही लिहिलंय, तर ऊब वगैरे काही येत नाही. कातडीला गरम वाटतं, आतून अंग गारच होत असतं. स्वेटर घाला. साखरेचा त्रास असेल तर कुंद्याचं ऐकू नका.

दाजी हे वाचतील, ताई त्यांना लिंक पाठवणार आहे. दाजी, यंदा जरूर या. गॅलरीचा कठडा मोकळा आहे, फ्रिजची किल्ली आईने कनवटीला लावलीय.