दरवाढीची मेल आल्यावर ऑर्डरला हात लावण्याआधी हे वाचा

तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि पोटात गोळाच आला. इलेक्ट्रिक गाडीचं पावणेदोन वर्षांपूर्वीचं बुकिंग, आता कंपनीची मेल की पुढच्या महिन्याच्या १ तारखेपासून किमती वाढणार, त्याआधी ऑर्डर पक्की करणाऱ्यांना जुना दर मिळणार, आणि तुम्ही सीटच्या रंगावर अडलेले. त्यात फोनवरच्या माणसाने सांगितलंय की "आत्ता काहीही निवडून टाका, रंग नंतर बदलता येईल, किंमत तीच राहील." हे वाक्य मलाही जवळजवळ याच शब्दांत ऐकवलं गेलं होतं. म्हणून इतकं लांब लिहितेय.

रेंज (एका चार्जमध्ये गाडी किती जाते), चार्जिंग, बॅटरीची वॉरंटी यावर इतरांनी तुम्हाला भरपूर लिहिलंय, ते सोडते.

आधी एक गोष्ट, कारण तुमच्या पोस्टखाली दोघातिघांनी "बुकिंग जुनं आहे म्हणजे किंमत जुनीच" असं ठामपणे लिहिलंय. तसं नसतं. बुकिंग म्हणजे रांगेतली जागा. किंमत बांधली जाते ती ऑर्डर पक्की करून करार तयार होतो तेव्हा, आणि तीही त्या करारात जशी लिहिली असेल तशीच. फोर्डच्या एफ-१५० लाइटनिंग या इलेक्ट्रिक पिकअपचं उदाहरण घ्या. मे २०२१ मध्ये सर्वांत स्वस्त प्रकाराची किंमत ३९,९७४ डॉलर सांगितली होती, बुकिंग १०० डॉलरमध्ये होत होतं. ऑगस्ट २०२२ मध्ये तीच किंमत ४६,९७४ झाली. ज्यांची ऑर्डर पक्की होऊन गाडी यायची होती त्यांना वाढ लागली नाही. हातात नुसतं बुकिंग असलेल्यांना तसं संरक्षण नव्हतं. टेस्लाचा इलेक्ट्रिक पिकअप, सायबरट्रक, तर नोव्हेंबर २०१९ मध्ये ३९,९०० डॉलरपासून मिळेल असं जाहीर झालं होतं आणि लोकांनी १०० डॉलर भरून रांग लावली. नोव्हेंबर २०२३ अखेर गाड्या द्यायला सुरुवात झाली तेव्हा यादीतला सर्वांत स्वस्त प्रकार ६०,९९० डॉलरचा होता.

"ओरड झाली की कंपनी माघार घेते" असंही कुणीतरी लिहिलंय. एकदा घेतली, हे खरं. १ मार्च २०२२ ला रिव्हियन या अमेरिकेतल्या इलेक्ट्रिक गाड्यांच्या कंपनीने किमती वाढवल्या, पिकअपची सुमारे १७ टक्के आणि एसयूव्हीची सुमारे २० टक्के, आणि त्या आधीपासून थांबलेल्यांनाही लावल्या. लोक इतके संतापले की दोनच दिवसांत, ३ मार्चला, कंपनीचे प्रमुख आर. जे. स्कारिंज यांनी जाहीर माफी मागून १ मार्चपूर्वीच्या ऑर्डरींना जुनी किंमत परत दिली. रागाने ऑर्डर रद्द केलेल्यांनाही परत येऊ दिलं. पण त्या भरवशावर बसून राहणं मला अजिबात पटत नाही. तुमच्या मेलमध्ये मुदत दिलेली आहे. मुदत देणारी कंपनी नंतर म्हणेल की आम्ही संधी दिली होती, आणि ते म्हणणं खोडून काढणं फार अवघड.

आता माझं. मी मुदतीच्या कितीतरी आधी ऑर्डर पक्की केली होती. काळ्या सीट, करार हातात, त्यावर एकूण किंमत छापलेली. तीन आठवड्यांनी दरवाढ जाहीर झाली, आणि मेलमध्ये स्पष्ट होतं की पक्क्या ऑर्डरींना धक्का नाही. तेव्हा मी निर्धास्त झाले. मग एका मैत्रिणीच्या गाडीत भर उन्हात बसले, काळी सीट अक्षरशः चटका देत होती. आई मागच्या सीटवर बसणार, तिला उष्णता सोसत नाही. फिकट सीटना जादा पैसे नव्हते. मी ग्राहक सेवेला फोन केला आणि नीट विचारलं, फक्त सीटचा रंग बदलला तर किमतीवर काही परिणाम होईल का? उत्तर आलं, "नाही मॅडम, सारख्याच किमतीचा पर्याय आहे, तुमच्या खात्यातूनच बदला."

मी बदलला. शेवटच्या पानावर "सुधारित करार मान्य" असं बटण होतं. किंमत तीच असणार याची इतकी खात्री होती की खालची बेरीज मी पाहिलीच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी करार उघडला तर संपूर्ण गाडीला नवा दर लागलेला. रंगाचे पैसे शून्यच होते, वाढली होती ती मूळ गाडीची किंमत. त्यांच्या यंत्रणेत ऑर्डरमधला बदल म्हणजे जुनी ऑर्डर बंद आणि आजच्या तारखेची नवी ऑर्डर सुरू. हे त्यांच्या अटींमध्ये लिहिलेलं होतं, एका ओळीत, "बदल केल्यास त्या दिवशीचे दर लागू होतील" अशा अर्थाचं. फोनवरच्या माणसाला ते ठाऊक नव्हतं, किंवा ठाऊक असून त्याने सांगितलं नाही. मला अजूनही कळलेलं नाही.

आणि पुढची चूक पूर्णपणे माझी. मी पहिले नऊ दिवस फक्त फोन करत राहिले. दर वेळी नवा आवाज, दर वेळी पहिल्यापासून सगळी कहाणी, दर वेळी "संबंधित विभागाकडे पाठवलंय". कॉल रेकॉर्ड होतोय असं सुरुवातीला तेच ऐकवतात, म्हणून मी म्हटलं, माझा पहिला कॉल काढून ऐका. तर म्हणे रेकॉर्डिंग अंतर्गत वापरासाठी असतं. त्या नऊ दिवसांत लेखी एक अक्षर मी पाठवलं नाही, त्यामुळे "मी लगेच, त्याच सकाळी हरकत घेतली" हे दाखवायला माझ्याकडे तारखेचा काहीच पुरावा उरला नाही. दहाव्या दिवसापासून मेल सुरू केल्या. एकूण अकरा. प्रत्येक मेलला नवा तिकीट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक. एक तिकीट तर "निराकरण झाले" म्हणून परस्पर बंद केलं, निराकरण काय झालं ते लिहिलंच नाही. चार महिन्यांनी एकच सरळ उत्तर आलं, की ग्राहकाने स्वतःच्या खात्यातून मान्य केलेला करार अंतिम असतो. गाडी तोवर तयार होती, आधीची गाडी विकून झाली होती, मी फरक भरला. ते पैसे आठवले की आजही राग येतो, आणि त्याहून जास्त त्या "निराकरण झाले"चा.

म्हणून माझं मत अगदी ठाम आहे. रंग आत्ताच ठरवा आणि मुदतीच्या तीन-चार दिवस आधी ऑर्डर पक्की करा. "नंतर बदलू" हे मनातून काढून टाका. दोन रंगांत ठरत नसेल तर ज्याच्यासोबत आठ वर्षं काढता येतील तो घ्या. शेवटच्या रात्रीवर कधीही ढकलू नका: मध्यरात्र नेमकी कुठल्या वेळेनुसार धरलीय ते मेलमध्ये बहुधा लिहिलेलं नसतं, कार्डाचं पेमेंट अडकतं, साइटवर गर्दी होते.

बटण दाबण्याआधी मेलवर एकच प्रश्न विचारा, आणि असा विचारा की उत्तर हो किंवा नाही एवढंच येईल. "ऑर्डर क्रमांक अमुक, करारातील एकूण किंमत अमुक. गाडी १ तारखेनंतर कितीही उशिरा आली तरी हीच किंमत राहील का?" दुसरा प्रश्न त्याच मेलमध्ये घालू नका, ते सोप्याचं उत्तर देऊन अवघड प्रश्न सोडून देतात. पक्की केल्यावर करार उतरवून ठेवा, शेवटच्या पानाचा बेरजेसकट स्क्रीनशॉट घ्या, आणि दरवाढीच्या मेलची प्रत वेगळी जपा. साइटवरचा मजकूर बदलत राहतो, माझ्या वेळचं "पक्क्या ऑर्डरींना धक्का नाही" हे पान महिन्याभरात गायब झालं होतं.

करारात आणखी दोन गोष्टी शोधा. एक, गाडी तयार झाल्यावर तुम्ही ताबा पुढे ढकललात तर जुना दर टिकतो का. अनेक करारांत टिकत नाही. दुसरी, काय काय किमतीत धरलंय याची यादी. दर न वाढवता बिल वाढवायची ही जुनी रीत आहे. जानेवारी २००९ मध्ये टेस्लाने रोडस्टर या आपल्या स्पोर्ट्स कारसाठी थांबलेल्या लोकांची मूळ किंमत कायम ठेवली, पण घरी लावायचा जास्त क्षमतेचा चार्जर, फोर्ज्ड (धातू ठोकून घडवलेली) चाकं अशा आधी किमतीत असलेल्या गोष्टी जादा पैशांच्या यादीत टाकल्या. तेव्हा फक्त वरचा आकडा पाहू नका.

करसवलत किंवा अनुदान मिळणार असेल तर हिशोब पुन्हा करा. सवलतीला किमतीची मर्यादा असली की दरवाढीने गाडी त्या रेषेपलीकडे जाऊ शकते आणि मग दुहेरी फटका बसतो. अमेरिकेत २०२३ पासून कारसाठी ५५,००० आणि एसयूव्ही-पिकअपसाठी ८०,००० डॉलरची अशी मर्यादा होती. तिथला कायदा १६ ऑगस्ट २०२२ ला बदलला तेव्हा जुनी सवलत घ्यायची मुभा त्याआधी लेखी बंधनकारक करार केलेल्यांनाच दिली. पूर्ण परत मिळणाऱ्या अनामतीवरचं बुकिंग त्यासाठी पुरेसं नव्हतं. तुमच्याकडे नियम वेगळे असतील, पण बुकिंग आणि करार यांतला फरक सरकारी कार्यालयंसुद्धा किती काटेकोरपणे धरतात ते यावरून लक्षात येईल.

कर्ज काढताय असं तुम्ही लिहिलंय. मंजुरीची मुदत पाहून घ्या, गाडी लांबली तर ती संपते आणि नव्या व्याजदराने पुन्हा अर्ज करावा लागतो. आणि जुनी गाडी नवीचा ताबा मिळेपर्यंत विकू नका. माझ्याकडे गाडीच नव्हती म्हणून मला भांडणात ताणून धरता आलं नाही, हे त्यांना कळत होतं असं मला वाटतं.

रद्द करून थोडं थांबावं का, हेही तुम्ही विचारलंय. यावर माझं मत तितकं ठाम नाही. किमती खालीही येतात. २०२२ मध्ये बॅटरीत लागणारं लिथियम महागलं, बॅटरीचा सरासरी दर वाढला आणि कंपन्यांनी दर चढवले. जानेवारी २०२३ मध्ये टेस्लाने मोठी कपात केली, पाठोपाठ फोर्डने मस्टँग माख-ई ही इलेक्ट्रिक एसयूव्ही स्वस्त केली आणि गाडीची वाट पाहणाऱ्यांनाही कमी झालेला दर दिला. पण गाडी तुम्हाला याच वर्षी लागणार असेल आणि जुना दर आत्ता मिळतोय, तर तो घ्यावा असं मी म्हणेन. पक्क्या ऑर्डरनंतर रद्द केली तर किती पैसे परत मिळतात, तेवढं आधी पाहा.

मी वकील नाही, विक्री क्षेत्रातलीही नाही. एकाच कंपनीचा, एकाच ऑर्डरचा माझा अनुभव आहे, तुमच्या कराराची भाषा वेगळी असू शकते. मोठी रक्कम आहे, तेव्हा करार वाचू शकणाऱ्या कुणाला तरी एकदा दाखवाच.

तुमच्या मेलमधलं "पक्की" या शब्दाभोवतीचं नेमकं वाक्य इथे टाकाल का? नाव आणि ऑर्डर क्रमांक झाकून. काही कंपन्या अनामत पूर्ण भरल्यावर ऑर्डर पक्की धरतात, काही सही झाल्यावर. ते कळलं तर १ तारखेआधी तुमच्या हातात नेमके किती दिवस आहेत ते सांगता येईल.